नेम कोणत्या डोळ्याचा? पिस्तूल नेमबाजीतील ‘प्रभावी डोळा’

भोपाळ शहराच्या वेशीवर, बिशनखेडी-गोरा परिसरात मध्य प्रदेश राज्य नेमबाजी अकादमीचे रेंज आहे. मार्च २०२३ मध्ये येथे पिस्तूल व रायफल प्रकारांची विश्वचषक स्पर्धा झाली. १० मीटर एअर पिस्तुलात सरबज्योत सिंग याने अंतिम लढतीत अझरबैजानच्या प्रतिस्पर्ध्याला १६-० असे हरवून सुवर्णपदक मिळवले, तर २५ मीटर पिस्तुलात मनू भाकर हिला कांस्यपदक मिळाले. त्यानंतर वर्षभराने, मे २०२४ मध्ये, पॅरिस ऑलिंपिकसाठीच्या चार निवड चाचण्यांपैकी अखेरच्या दोन चाचण्याही याच रेंजवर झाल्या. पॅरिसमध्ये मनू व सरबज्योत यांनी मिश्र सांघिक कांस्यपदक जिंकले, आणि कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे रायफल प्रकारात पदक घेऊन परतला. साहजिकच गोव्यासारख्या छोट्या राज्यातील शाळकरी मुलेही आता या खेळाकडे वळू लागली आहेत आणि त्यांच्या पालकांपुढे नवे प्रश्न उभे राहत आहेत.

त्यांपैकी एक प्रश्न वरवर साधा वाटतो. मूल उजव्या हाताने लिहिते, जेवते, चेंडू टाकते, म्हणून त्याच्या उजव्या हातात पिस्तूल दिले जाते. हात स्थिर असतो, दृष्टी निर्दोष असते, तरीही छर्रे लक्ष्यावर विखुरतात. मधूनच एखादा कागदावरही लागत नाही. दोष हाताला किंवा एकाग्रतेला दिला जातो. प्रत्यक्षात अशा काही मुलांच्या बाबतीत पिस्तूल उजव्या हातात असते आणि नेम मात्र डावा डोळा धरत असतो. हे व्यंग नव्हे. मात्र ते वेळेत ओळखले नाही, तर चुकीच्या सवयी अंगवळणी पडतात, चुकीच्या बाजूच्या मुठीचे महागडे पिस्तूल खरेदी केले जाते आणि कधीकधी मूल खेळच सोडून देते. ओळखले, तर पिस्तुलाच्या बाबतीत बहुधा त्यावर सोपा उपाय असतो.

प्रभावी डोळा म्हणजे काय?

माणसाचे दोन्ही डोळे एकाच वस्तूकडे किंचित वेगळ्या कोनांतून पाहतात. प्रौढ व्यक्तीच्या दोन बाहुल्यांमधील अंतर साधारणपणे ६ ते ६.५ सेंटिमीटर असते. दोन डोळ्यांनी टिपलेल्या दोन प्रतिमा मेंदू एकत्र करतो आणि त्यांतून खोलीची जाणीव निर्माण होते. परंतु जेव्हा जवळची वस्तू दूरच्या वस्तूशी एका रेषेत आणायची असते, तेव्हा दोन्ही डोळ्यांचे म्हणणे एकाच वेळी ग्राह्य धरता येत नाही. अशा वेळी मेंदू ज्या डोळ्याची रेषा प्रमाण मानतो, तो प्रभावी डोळा. सुईत दोरा ओवणे, दुर्बिणीच्या नळीला डोळा लावणे, भिंतीवरची तसबीर सरळ आहे का ते अंगठा धरून पाहणे, या कामांत ही निवड नकळत होत असते.

या गुणधर्माची नोंद जुनी आहे. इटालियन विद्वान जांबात्तिस्ता देल्ला पोर्ता याने १५९३ मध्ये प्रकाशाच्या वक्रीभवनावरील आपल्या ग्रंथात तिचे वर्णन केले. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वॉल्टर माइल्स याने १९२९-३० च्या सुमारास या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला. त्या दोघांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या चाचण्या आजही वापरात आहेत.

याविषयीचे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. प्रभावी डोळा हा अधिक तीक्ष्ण दृष्टीचा असतोच असे नाही. अधिक नंबर असलेला डोळाही नेम धरण्यात प्रभावी असू शकतो. दुसरे असे, की हाताप्रमाणे डोळ्याचा संबंध मेंदूच्या एकाच अर्ध्याशी जोडता येत नाही. प्रत्येक डोळ्यातील निम्म्या बाजूचे मज्जातंतू वाटेत बाजू ओलांडतात व उरलेले त्याच बाजूला राहतात. त्यामुळे दोन्ही डोळ्यांची माहिती मेंदूच्या दोन्ही अर्धांना मिळते. म्हणूनच माणूस उजवा की डावखुरा, एवढ्यावरून त्याचा प्रभावी डोळा ठरवता येत नाही.

१९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात हे स्पष्ट दिसले. उजव्या हाताने कामे करणाऱ्यांपैकी सुमारे ३४ टक्के लोकांचा डावा डोळा प्रभावी आढळला. डावखुऱ्यांमध्ये डावा डोळा प्रभावी असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ५७ टक्के होते. म्हणजे उरलेल्या ४३ टक्क्यांच्या आसपास डावखुऱ्यांचा हात एका बाजूचा व डोळा दुसऱ्या बाजूचा होता. या विजोडाला नेमबाज ‘क्रॉस डॉमिनन्स’ म्हणतात. तीस मुलांच्या वर्गात नऊ-दहा मुलांच्या बाबतीत तो आढळला, तर त्यात नवल नाही.

चाचणी कशी करावी?

ही चाचणी घरात वा वर्गात, कोणत्याही साधनाविना करता येते. तिच्यासाठी पिस्तूल हातात घेण्याची गरज नाही, आणि रेंजबाहेर ते घेऊही नये.

माइल्स चाचणीत दोन्ही हात समोर पूर्ण लांब करून तळवे पुढे धरतात आणि अंगठा व बोटे एकमेकांवर आणून मधोमध लहान त्रिकोणी फट ठेवतात. दोन्ही डोळे उघडे ठेवून चार-पाच मीटरवरची एखादी वस्तू त्या फटीतून पाहायची. मग हात न हलवता एकेक डोळा आळीपाळीने मिटायचा. जो डोळा उघडा असताना वस्तू फटीत कायम दिसते, तो प्रभावी डोळा. दुसरा डोळा एकटा उघडा असताना वस्तू हाताआड जाते. फट न सोडता हात हळूहळू चेहऱ्याकडे आणले, तर ते आपोआप प्रभावी डोळ्यापाशी येऊन थांबतात. लहान मुलांना एकच डोळा मिटणे पुष्कळदा जमत नाही. त्यांच्यासाठी ही दुसरी रीत सोयीची.

पोर्ता चाचणीत अंगठा दूरच्या वस्तूशी जुळवतात आणि एकेक डोळा मिटून अंगठा कोणत्या वेळी जागचा हललेला दिसतो ते पाहतात. ही चाचणी एका हाताने केल्यास तो हात ज्या बाजूचा, त्या बाजूच्या डोळ्याकडे कल झुकू शकतो. म्हणून दोन्ही हात वापरणारी माइल्स चाचणी अधिक विश्वासार्ह.

निष्कर्ष काढण्यापूर्वी काही पथ्ये पाळावीत. चाचणी एकदाच न करता निदान पाच-सहा वेळा करावी. कोणता डोळा यावा, हे मुलाला आधी सुचवू नये. चष्मा असल्यास तो लावूनच चाचणी घ्यावी. चेहरा वस्तूकडे सरळ असावा. ही शेवटची अट महत्त्वाची आहे, कारण नजर खूप उजवीकडे किंवा डावीकडे वळली की काहींच्या बाबतीत प्रभावी डोळा बदलतो, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. पिस्तूल नेमबाज बहुधा तिरका उभा राहून मान वळवतो. म्हणून पहिली चाचणी सरळ उभे राहून आणि दुसरी नेमबाजीच्या पवित्र्यात, असे दोनदा पडताळणे योग्य. काहींमध्ये निकाल प्रत्येक वेळी वेगळा येतो; त्यांच्या बाबतीत कोणत्याही डोळ्याचा प्रभाव ठाम नसतो आणि हाताच्या बाजूचा डोळा निवडण्यास अडचण नसते.

पिस्तूल आणि रायफल: मूलभूत फरक

रायफल किंवा शॉटगनचा दस्ता खांद्याला टेकतो व गाल त्याच्यावर विसावतो. उजव्या खांद्याला बंदूक लावली की तिच्या साइटमागे उजवाच डोळा येतो. उडती चकती टिपणाऱ्या शॉटगन नेमबाजाला दोन्ही डोळे उघडे ठेवावे लागतात, आणि त्याचा डावा डोळा प्रभावी असेल तर बार चकतीच्या बाजूने निघून जातो. त्यामुळे त्या प्रकारांत खांदा बदलण्याचा विचार गांभीर्याने करावा लागतो.

पिस्तुलाचे तसे नाही. ते शरीराला कोठेही टेकलेले नसते. लांब केलेल्या हाताच्या टोकाशी असल्यामुळे ते दोहोंपैकी कोणत्याही डोळ्यासमोर आणता येते. पूर्ण बाजूने उभे राहिल्यास खांद्यापासून निघालेली हाताची रेषा चेहऱ्याच्या मध्याजवळून जाते. दोन्ही डोळे तिच्यापासून जेमतेम ३ सेंटिमीटरवर असतात. उजवा हात व डावा डोळा यांची जुळणी करण्यासाठी सावरायचे अंतर एवढेच. म्हणून विजोडाची अडचण शॉटगनपेक्षा पिस्तुलात कितीतरी कमी असते. मात्र ती शून्य नसते, आणि त्याचे कारण भूमितीत आहे.

एका मिलिमीटरचा हिशेब

१० मीटर एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो, म्हणजे साध्या शर्टाच्या बटणाएवढा. सात ते दहा गुणांचा सगळा काळा भाग ५९.५ मिलिमीटर व्यासाचा. छर्रा ४.५ मिलिमीटरचा. पिस्तूल एकाच हाताने, मनगटाला कोणताही आधार न देता धरायचे असते.

पिस्तुलावर मागे खाचेची व पुढे सुळक्याची अशा दोन साइट असतात. मागच्या खाचेच्या बरोबर मध्ये पुढचा सुळका दिसला पाहिजे, त्याच्या दोन्ही बाजूंना सारखा उजेड हवा आणि दोन्हींचे माथे एका पातळीत हवेत. या दोन साइटमधील अंतर साधारण ३५ सेंटिमीटर धरू. हात स्थिर राहून सबंध पिस्तूल १ मिलिमीटर बाजूला सरकले, तर १० मीटरवर छर्राही तेवढाच, म्हणजे १ मिलिमीटर सरकतो. गुण दहाच राहतात. परंतु मागच्या खाचेत पुढचा सुळका १ मिलिमीटर बाजूला गेला, तर चूक कोनात होते. ती १० मीटरवर सुमारे २८ मिलिमीटरपर्यंत वाढते आणि दहाऐवजी सात गुण पडतात. पिस्तूल प्रशिक्षक ‘लक्ष्य पुसट दिसले तरी चालेल, पुढची साइट स्वच्छ दिसली पाहिजे’ असे पुनःपुन्हा सांगतात, त्याचे कारण हेच.

आता डोळ्याचा भाग पाहू. नजर सुमारे एक मीटरवरच्या पुढच्या साइटवर स्थिर केली की मागील लक्ष्य दोन दिसू लागते. हे सर्वांनाच होते. हातभर अंतरावर बोट धरून त्याच्याकडे पाहिल्यास मागचा दिवा दोन दिसतो, तसेच. अशा वेळी उजव्या डोळ्याची प्रतिमा उजवीकडे व डाव्याची डावीकडे असते. उजवा डोळा प्रभावी असलेल्या नेमबाजाचा मेंदू डावीकडची प्रतिमा बाजूला सारतो. पण साइट उजव्या डोळ्यासमोर जुळवली असून प्रभाव डाव्या डोळ्याचा असेल, तर कोणते काळे वर्तुळ खरे, याविषयी दोन डोळ्यांत चढाओढ लागते. चुकीच्या वर्तुळावर नेम धरला गेल्यास १० मीटरवर छर्रा सुमारे अर्धा मीटर बाजूला जातो. लक्ष्याचा कागद १७ सेंटिमीटर रुंदीचा असतो. त्यामुळे तो कागद पूर्णपणे चुकतो.

अशी ढोबळ चूक नवशिक्याकडून क्वचित घडते व ती लगेच लक्षात येते. तिच्यापेक्षा अधिक नुकसान दुसऱ्या प्रकारात होते. दोन प्रतिमांच्या चढाओढीत पुढची साइट क्षणभर पुसट होते, सरकल्यासारखी वाटते. नेमबाज मनगटाने तिला ‘सरळ’ करू पाहतो, आणि नेमक्या त्या क्षणी ट्रिगर दाबला जातो. येथे वर सांगितलेली कोनाची चूक घडते. गुणपत्रिकेवर आठ-नऊच्या रांगेत अधूनमधून सहा-सात दिसतात व त्यांचा उलगडा होत नाही.

हात व डोळा एकाच बाजूचे असतील तर

उजवा हात व उजवा डोळा अशी जुळणी असल्यास मांडणी सरळ असते. नेमबाज लक्ष्याला बाजू देऊन उभा राहतो, पाय साधारण खांद्यांच्या रुंदीएवढे अंतरावर, वजन दोन्ही पायांवर सारखे. मोकळा हात खिशात किंवा कमरपट्ट्यात, जेणेकरून तो झुलणार नाही. मान लक्ष्याकडे वळते, परंतु डोके पुढे, मागे वा खांद्याकडे झुकत नाही. शरीराच्या तोलाची जाणीव देणारे अवयव अंतःकर्णात असतात. डोके तिरपे झाले की ती जाणीव बिघडते व डोलणे वाढते. डोळा पिस्तुलाकडे न्यायचा नाही. पिस्तूल डोळ्यासमोर आणायचे.

हात व डोळा भिन्न बाजूंचे असतील तर

उजवा हात व डावा डोळा असलेल्या नेमबाजापुढे तीन मार्ग असतात.

पहिला मार्ग म्हणजे हात तोच ठेवून प्रभावी डोळ्याने नेम धरणे. त्यासाठी उभे राहण्याचा कोन, मानेचे वळण व मुठीची बैठक यांत थोडा बदल करावा लागतो. तो अंदाजाने न करता पडताळून करावा. नेमबाजाने पवित्रा घ्यावा, नेम धरावा, हात खाली आणून डोळे मिटावेत, हात नेहमीच्या पद्धतीने पुन्हा उचलावा आणि मग डोळे उघडावेत. साइट लक्ष्याच्या डावीकडे किंवा उजवीकडे गेलेली दिसली, तर मनगट न वळवता पाय सरकवावेत. स्नायूंवर ताण न देता हात आपोआप जेथे जातो, तेथेच लक्ष्य आले पाहिजे. साइट लक्ष्यावर येऊनही सुळका खाचेत एका बाजूला दिसत असेल, तर मुठीची बैठक तपासावी. स्पर्धेच्या अनेक पिस्तुलांची मूठ हाताच्या आकारानुसार घडवलेली असते व काहींचा कोनही बदलता येतो. डोके खांद्याकडे झुकवून डावा डोळा साइटमागे आणण्याचा मोह मात्र टाळावा. मान वळवावी, झुकवू नये.

दुसरा मार्ग म्हणजे डाव्या, प्रभावी डोळ्यासमोर ब्लाइंडर लावून उजव्या डोळ्याने नेम धरणे. उजव्या डोळ्याची दृष्टी चांगली असल्यास आणि डाव्याचा प्रभाव फार ठाम नसल्यास हा मार्ग सोपा. उभे राहण्याची नेहमीची पद्धत बदलावी लागत नाही, सरावाने उजवा डोळा हे काम स्वीकारतो.

तिसरा मार्ग म्हणजे हातच बदलणे. डावखुऱ्या डोळ्याला डावा हात. सैद्धांतिकदृष्ट्या ही जुळणी निर्दोष, पण तिची किंमत मोठी. पिस्तूल नेमबाजीत ट्रिगर दाबताना तर्जनीने उरलेल्या चार बोटांपासून स्वतंत्रपणे, हळूहळू व सरळ मागे दाब द्यायचा असतो. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान ५०० ग्रॅम, तर २५ मीटर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान १००० ग्रॅम भार लागतो. इतके सूक्ष्म नियंत्रण बिनसरावाच्या हाताला शिकवण्यास दीर्घ काळ लागतो. ज्याच्या दोन्ही हातांत फारसा फरक नाही किंवा ज्याने अजून सरावच सुरू केलेला नाही, त्यानेच हा मार्ग विचारात घ्यावा.

हात बदलून यश मिळवणारा जगप्रसिद्ध नेमबाज म्हणजे हंगेरीचा करोली टाकाच. १९३८ मध्ये लष्करी सरावात हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. त्याने डाव्या हाताने सराव सुरू केला आणि १९४८ च्या लंडन व १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलात सुवर्णपदके जिंकली. हात बदलता येतो, हे त्याच्या उदाहरणावरून सिद्ध होते. परंतु अपघात आणि पहिले ऑलिंपिक सुवर्ण यांत दहा वर्षांचे अंतर आहे, आणि तो हात बदलण्यापूर्वीच उत्तम नेमबाज होता, हेही लक्षात ठेवावे. जेथे पायांची जागा बदलून किंवा ब्लाइंडर लावून काम भागते, तेथे मुलाला एवढ्या खटाटोपात लोटण्याचे कारण नाही.

एक डोळा मिटावा की दोन्ही उघडे ठेवावेत?

चित्रपटांतील नेमबाज एक डोळा मिटतो. स्पर्धेतील नेमबाज तसे सहसा करत नाही. पापणी आवळून धरली की चेहऱ्याचे स्नायू थकतात आणि तो ताण उघड्या डोळ्याभोवतीही पसरतो. १० मीटर एअर पिस्तुलात ६० बारांसाठी ७५ मिनिटे मिळतात. एवढा वेळ एक डोळा मिटत राहणे त्रासाचेच. शिवाय एक डोळा मिटल्याने डोळ्यांत जाणारा एकूण प्रकाश घटतो आणि उघड्या डोळ्याची बाहुली किंचित मोठी होते. बाहुली मोठी झाली की वेगवेगळ्या अंतरांवरच्या वस्तू एकाच वेळी स्पष्ट दिसण्याची क्षमता कमी होते.

यावर तोडगा म्हणजे ब्लाइंडर. नेम न धरणाऱ्या डोळ्यासमोर ३० मिलिमीटरपर्यंत रुंदीचा पडदा लावण्यास आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मुभा आहे. तो टोपीला, डोक्याच्या पट्टीला वा चष्म्याच्या चौकटीला बसवतात. काळ्या पडद्यापेक्षा दुधी, अर्धपारदर्शक पडदा बरा, कारण त्यातून प्रकाश येत राहतो आणि स्पष्ट प्रतिमा मात्र अडते. दोन्ही डोळे मोकळे, उघडे व सैल राहतात, नेम एकाचाच. नवशिक्यासाठी चष्म्याच्या काचेवर चिकटवलेला दुधी टेपचा छोटा तुकडाही पुरतो.

कोणताही पडदा न लावता नेम धरणारे निष्णात नेमबाजही आहेत. तुर्कस्तानचा युसुफ दिकेच हा त्यांतला अलीकडचा सर्वांत गाजलेला. ३० जुलै २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या मिश्र सांघिक १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात, वयाच्या ५१ व्या वर्षी, साधा चष्मा लावून, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्याने रौप्यपदक मिळवले. ब्लाइंडर नाही, नेमबाजीचे विशेष भिंग नाही, एक हात खिशात, असे त्याचे छायाचित्र जगभर पसरले. त्याच दिवशी त्याच प्रकारात मनू भाकर व सरबज्योत सिंग यांनी दक्षिण कोरियाच्या जोडीला १६-१० असे हरवून भारताला कांस्यपदक मिळवून दिले. एकाच प्रकारात भिन्न पद्धतींचे नेमबाज पदकाच्या मंचावर उभे राहतात. दिकेचची रीत त्याला अनेक वर्षांच्या सरावाने साधली आहे. केवळ त्याचे छायाचित्र पाहून विजोड असलेल्या मुलाचा ब्लाइंडर काढून टाकणे शहाणपणाचे नाही.

वेगवान प्रकार आणि दोन हातांची पकड

२५ मीटर पिस्तूल प्रकारात कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. आशियाई स्पर्धांत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. या प्रकाराच्या दुसऱ्या टप्प्यात हात ४५ अंशांपर्यंत खाली ठेवून वाट पाहावी लागते. लक्ष्य खुले होते ते केवळ ३ सेकंद. तेवढ्यात हात उचलून, साइट शोधून, बार टाकायचा. मग ७ सेकंदांची विश्रांती आणि पुन्हा तेच. साइट कोणत्या डोळ्यासमोर आणायची, याचा विचार करण्यास येथे उसंत नसते. म्हणून विजोडाचा निर्णय या प्रकाराकडे वळण्यापूर्वीच पक्का झालेला असावा लागतो. पुरुषांच्या रॅपिड फायर प्रकारात शेजारी-शेजारी असलेली पाच लक्ष्ये ८, ६ व शेवटी ४ सेकंदांत टिपायची असतात. तेथे केवळ हात किंवा नजर न फिरवता कमरेपासून वरचे शरीर एकसंध वळवतात; डोळा, साइट व खांदा यांचे परस्परांतील स्थान ढळू नये, हाच हेतू.

पोलीस व सुरक्षा दलांच्या प्रशिक्षणात पिस्तूल दोन्ही हातांनी धरतात. छाती लक्ष्याकडे व दोन्ही हात सारखे लांब ठेवले, तर पिस्तूल चेहऱ्याच्या मध्यासमोर येते. मान किंचित वळवली, की ते कोणत्याही डोळ्यासमोर बसते. विजोड असलेल्यास ही पद्धत सर्वांत सोयीची. एक खांदा मागे ठेवून, कोपर वाकवून उभे राहण्याच्या पद्धतीत पिस्तूल एका बाजूला सरकते व विरुद्ध डोळ्याने नेम धरणाऱ्याला मान अधिक वळवावी लागते.

डोळ्यांची निगा

प्रभावी डोळ्याची चाचणी ही नेत्रतपासणीला पर्याय नाही. मुलाचा एक डोळा लहानपणापासून कमजोर असेल, तर त्याला बोलीत ‘आळशी डोळा’ म्हणतात. त्यावरील उपचार जितक्या लहान वयात सुरू होतात, तितके अधिक परिणामकारक ठरतात. म्हणून एका डोळ्याचा प्रभाव फारच ठाम वाटल्यास मुलाला आधी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. ब्लाइंडरने असा दोष बरा होत नाही. मोठ्या वयात मोतीबिंदूमुळे किंवा शस्त्रक्रियेनंतर दोन डोळ्यांच्या दृष्टीत फरक पडून प्रभावी डोळा बदलू शकतो. अचानक दोन प्रतिमा दिसू लागल्यास तो खेळाचा प्रश्न न मानता त्वरित वैद्यकीय सल्ला घ्यावा. चाळिशीनंतर जवळचे धूसर होते व पुढची साइटही पुसट दिसते. अशा वेळी नेम धरणाऱ्या डोळ्यासाठी नेहमीच्या दूरच्या नंबरात सहसा अर्धा ते पाऊण डायॉप्टर अधिक असलेले भिंग वापरतात.

पालक व प्रशिक्षक यांच्यासाठी क्रम सोपा आहे. आधी नेत्रतपासणी, मग पुनःपुन्हा घेतलेली प्रभावी डोळ्याची चाचणी, मग रेंजवरच्या उसन्या पिस्तुलाने व साध्या ब्लाइंडरने काही आठवड्यांचा सराव, आणि त्यानंतरच स्वतःच्या मुठीचे पिस्तूल. एका बाजूच्या हातासाठी घडवलेली मूठ दुसऱ्या हातात बसत नाही, म्हणून हा क्रम उलटा झाला की चूक खर्चिक ठरते. सरावाच्या वहीत तारीख व गुणांबरोबर नेम कोणत्या डोळ्याचा, ब्लाइंडर होता की नाही आणि पायांचा कोन कोणता, एवढे तीन रकाने वाढवले, तरी महिन्याभरात कोणता मार्ग मुलाला मानवतो ते स्पष्ट दिसू लागते. मग ज्या मुलाला ‘तुझा हात हलतो’ असे वारंवार ऐकावे लागले असेल, त्याच्या हातात काही दोष नव्हता, हेही कदाचित त्याच वहीतून दिसून येईल.